चोथा तुडवणारी थेऊ

थेऊचा आवाज एवढा मोठा होता की गल्लीच्या या टोकाला तिने शिवी घातली तर ती पुलापलीकडे ऐकू जायची. तोंडाला फुलाफुलांचं फडकं बांधलेलं असायचं तरी. खराटा मात्र तिचा वाजायचा नाही. तो तिने कसा वाजू दिला नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पहाटे खिडकी उघडावी तर रस्ता झाडून झालेला असायचा, आणि केशरी डगल्यावरचे चंदेरी पट्टे धुक्यात पुढे सरकताना दिसायचे. मागून एका चाकाने लंगडणारी लोखंडी ढकलगाडी.

आमची बेन-कुईची गल्ली उतरत उतरत दाय नदीकडे जाते आणि पुलाच्या रस्त्याला मिळते. तिथे तिठा आहे. आमच्याकडे काढा उकळून झाला की चोथा केरात टाकत नाहीत, तिठ्यावर ओततात. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाला लागून दुखणं निघून जातं. कुणाच्या पायाला लागून, कुठे, हे विचारायचं नसतं. पलीकडच्या काठावरचे लोक तर चोथा पुलावरून आणून आमच्या तिठ्यावर टाकतात, कारण वाहतं पाणी मध्ये आलं की दुखण्याला घरी परतायची वाट सापडत नाही.

आता विचार करा, अशा तिठ्यावर ज्या बाईची झाडायची नेमणूक, तिने करायचं काय? कचेरी म्हणते उजाडायच्या आत रस्ता स्वच्छ पाहिजे. गल्ली म्हणते कुणाचा पाय पडेपर्यंत चोथ्याला हात लावलास तर बघ. थेऊने यातून आपली रीत काढली होती. ती चोथ्याच्या भोवतीने झाडायची. सगळा तिठा लख्ख आणि मध्ये ते काळं बेट. परगावचा एखादा ट्रक त्यावरून गेला की मग ती ते बेट भरून गाडीत टाकायची. एकदा मुकादम तिच्यावर ओरडला तर ती म्हणाली, "साहेब, तुम्हीच चाला ना त्यावरून दोन पावलं. म्हणजे मला लगेच झाडता येईल." मुकादम वळसा घालून गेला. सगळेच वळसा घालायचे.

मी प्रांताच्या इस्पितळात जुन्या औषधांच्या विभागात औषधनिर्माती होते. हनोईला कॉलेजात पाच वर्षं घासून शिकलेली. क्ष-किरण विभागाच्या शेजारी आमचा विभाग. इकडे मुळ्या-साली, तिकडे फिल्मा. नोकरीच्या शेवटी शेवटी तिथे काढा उकळायची यंत्रं आली. यंत्र काढा उकळतं, प्लॅस्टिकच्या पाकिटात भरतं, तोंड चिकटवतं. रोग्याने पाकीट घरी न्यायचं, गरम पाण्यात धरायचं, प्यायचं. चोथ्याचं तोंडसुद्धा बघावं लागत नाही. तेव्हापासून आमच्या तिठ्यावरची गर्दी कमी झाली. तरी ओला पाला आणि ताजी मुळं घरीच उकळणारे उरले होतेच.

निवृत्त झाल्यावर पहाटे फिरायला जायची सवय लागली आणि थेऊची माझी गट्टी जमली ती या चोथ्यावरून. मी छत्रीच्या टोकाने ढीग उकरायचे आणि सांगायचे, "हे फुप्फुसाचं. खोकला जुना आहे."

"कोपऱ्यावरचा म्हातारा!" थेऊ टाळी द्यायची. "आणि वर सांगतो, विडी सोडली म्हणून. ताई, हा दुसरा?"

"यकृत. पिणाऱ्याचं."

"हा सांगायची गरज नाही. हा चालत आला असेल तर देवाची कृपा. ओतताना पडला नाही म्हणजे झालं."

अशा आमच्या सकाळी जायच्या. लोकांच्या घरात काय चाललंय ते लोकांच्या आधी आम्हाला कळायचं. थेऊ ते कुणाला सांगायची नाही, हेही सांगून ठेवते. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण चोथ्यातलं तिने तिठ्याबाहेर नेलं नाही.

टेटचा, म्हणजे आमच्या नव्या वर्षाचा, सण होऊन गेला होता. त्यानंतरचे आमच्याकडचे दिवस मला आवडत नाहीत. पाऊस पडत नाही आणि थांबतही नाही, भिंतींना घाम सुटतो, फरशी पुसली तरी ओली, वाळत घातलेले कपडे आठवडाभर मेल्यासारखे लोंबतात. अशा एका पहाटे तिठ्याच्या बरोबर मध्ये एक चोथा होता. ओतलेला नव्हता, ठेवलेला होता. मातीचं मडकं उपडं करून अलगद उचलावं तसा त्याला मडक्याचा आकार होता. वाफ निघत होती.

"ताई, हा नवीन," थेऊ म्हणाली.

मी छत्री घातली. 'गाई' नावाच्या ज्या झाडाच्या पानांची आम्ही काळी चिकट मिठाई करतो, त्याचं मूळ होतं, चकत्या केलेलं. दवण्याच्या जातीचा पाला होता. जांभळ्या पाल्याचे देठ होते. हे तिन्ही एकत्र कशासाठी उकळतात ते पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही येतं. मी पटकन बोलून गेले, "गर्भ धरून ठेवायचं औषध. कुणाला तरी दिवस आहेत आणि रक्त जातंय."

थेऊचा खराटा खाली पडला. तो मात्र वाजला.

आमच्या गल्लीत कुणाला दिवस नव्हते. असते तर मला माहीत असतं, आणि थेऊला तर असतंच असतं. पण तिला गल्लीत शोधायची गरजच वाटली नाही. तिची मुलगी लोआन पुलापलीकडे दिलेली होती, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या पोराला. लोआनची दोन वेळा पोटातलीच गेली होती. पहिल्या वेळी थेऊने आनंदाच्या भरात कचऱ्याची घंटा वाजवत गल्लीभर सांगितलं होतं, आणि महिन्याच्या आत ते गेलं. दुसऱ्या वेळी तिने फक्त चहावाल्या कीनला सांगितलं. तेही गेलं. आता तिसऱ्यांदा, टेटच्या जेवणाला लोआनने माशाच्या रस्स्याची वाटी हळूच दूर सारली. आईने पाहिलं आणि मुलीने आईला पाहताना पाहिलं. आमच्यात असं समजतात की पोटातल्या जिवाविषयी विचारलं की त्याला ऐकू जातं, आणि ते बिचकतं. त्यामुळे थेऊ लेकीला विचारणार नव्हती आणि लेक आईला सांगणार नव्हती. फोन दोघींकडे होते. रोज बोलायच्या. भाताच्या पेजेवर, लोआनच्या नवऱ्याच्या घोरण्यावर, विहीणबाईंच्या कवळीवर.

"पुलापलीकडून आलाय," थेऊ एवढंच म्हणाली. तिचा आवाज इतका लहान मी आधी ऐकला नव्हता.

मग ती पायांची वाट बघायला लागली. मीही उभी राहिले. जे दिसलं ते मला त्या वेळीही पटलं नव्हतं आणि आज लिहितानाही पटत नाही, पण जे दिसलं ते दिसलं. शाळेच्या मुली सायकलींवर आल्या, गप्पा मारत, एकीचंही लक्ष रस्त्याकडे नव्हतं. ढिगापाशी त्यांचा लोंढा दोन बाजूंना फाटला आणि पुढे पुन्हा एक झाला. वाळूचा ट्रक आला. ड्रायव्हर मान वळवून कुणाशी तरी बोलत होता. चाकं कडेकडेने गेली. कीनचा कुत्रा, जो गटारातलंही सोडत नाही, तो चार हात अलीकडे बसला आणि जांभया देत राहिला. वरून बारीक पाणी सारखं पडत होतं. आजूबाजूची धूळ वाहून गेली, ढिगाचा आकार तसाच.

कामाची पाळी संपताना थेऊला तो उचलावाच लागला. न तुडवलेला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच जागी नवा. वाफाळता.

असं बरेच दिवस चाललं. एका सकाळी ती मला म्हणाली, "ताई, लोआनचं दुखणं माझ्याच गाडीतून जातंय. पुढे कुठे जातच नाही. मीच गोळा करते, मीच घेऊन हिंडते. आईने करायचं काम आहे का हे?" आणि तिने रस्त्याच्या कडेला बसून उजवा रबरी बूट काढला. मग डावा.

"थेऊ, सर्दी होईल. त्यापलीकडे काही होणार नाही," मी म्हटलं.

"होऊ दे ना सर्दी."

ती दोन्ही पायांनी त्यावर उभी राहिली. बोटं पसरून, चिखलात उभं राहावं तशी. तिने डोळे मिटले. मग डोळे मिटूनच म्हणाली, "गरम आहे."

"उकळलेलं आहे, गरम असणारच."

"तसं नाही. ओढ आहे, ताई. तळपायाला. पोर अंगावर प्यायला लागतं ना पहिल्यांदा, तशी."

मी छत्री उघडली. पाऊस तितका नव्हता. पण मला काहीतरी करायचं होतं.

तेव्हापासून ती रोज तुडवायची. काम संपवून, बूट काढून, प्रार्थनेला उभं राहावं तशी. तुडवल्यावर मात्र तो चोथा साधा चोथा व्हायचा. पसरायचा, चिखल व्हायचा, कुत्रासुद्धा हुंगून जायचा. थेऊच्या शिव्या हळूहळू कमी झाल्या. उन्हाळा आला तसा चोथाही बदलला. रक्त थांबवायचा पाला कमी होत गेला, ताकदीची मुळं आली. मी तिला सांगायची गरज नव्हती, पण माझी जीभ राहत नाही. "रक्त थांबलंय तिचं," मी म्हटलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि रस्त्याच्या कडेला बसली. तोंडावरचं फडकं तिने खाली ओढलं तेव्हा ओठ बघून मी दचकले. तांदळाच्या कागदासारखे पांढरे. "ताई, माझं सुरू झालंय."

"काय सुरू झालंय?"

"तेच. बायकांचं." आणि ती हसली. "या वयात! माझ्या नवऱ्याला मरून किती वर्षं झाली, त्याला कळलं तर संशय घेईल."

मला हसू आलं नाही. पाळी जाऊन इतकी वर्षं झालेल्या बाईला रक्त जायला लागलं की तो विनोद नसतो. मी तिला स्पष्ट सांगितलं. उद्या इस्पितळात यायचं. आतला बारीक तुकडा काढून तपासतात. लवकर कळलं तर गर्भाशय काढून टाकतात आणि बाई भात खायला घरी येते.

"म्हणजे बरं करतील?"

"करतील."

"तेच नको."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"मी बरी झाले तर हे जाणार कुठे?" तिने ओल्या रस्त्याकडे बोट दाखवलं. "ज्याचं आहे तिकडेच परत. लोआन मोकळी होऊ दे. मग तुम्ही म्हणाल तिथे अंगठा देते."

"अंगठा कशाला, सही येते तुला."

"सही देते. पण मग."

मी तिला गाढव म्हणाले. आणखीही बरंच म्हणाले. ती ऐकून घेत बूट चढवत होती.

तिच्याने विचारवत नव्हतं, पण मला कुणी अडवलं होतं? मी सरळ पूल ओलांडला. लोआन ओसरीवर पाय पसरून बसली होती, पोट हे एवढं, आणि कच्चा आंबा तिखट-मिठात बुडवून खात होती. गाल लाल. मी म्हटलं, "मुली, रक्त जात होतं का तुला?"

तिच्या हातातली फोड तशीच राहिली. आतून तिची सासू कवळी सावरत धावत आली. "अहो बाई, काय अभद्र विचारता! थुंका आधी!"

मी थुंकले. मग पुन्हा विचारलं.

"एक थेंब नाही, मावशी," लोआन म्हणाली. "या खेपेला काहीच नाही. आरोग्य केंद्रातल्या लोहाच्या गोळ्या खाते, बस."

"आणि गाई झाडाच्या मुळाचा काढा?"

"कुणी करायचा?" सासूबाई म्हणाल्या. "माझे गुडघे चुलीपाशी बसायचे राहिले नाहीत. मागच्या दोन वेळी उकळले, काय उपयोग झाला? आणि चोथा टाकायला त्या तिठ्यापर्यंत मी कशी येणार? पूल चढताना मीच जायची." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "का हो? विहीणबाईंना काही झालंय का?"

लोआनच्या तोंडाकडे बघून मी म्हटलं, काही नाही. पोटुशीला सांगायची ती गोष्ट नव्हती.

परतताना मी जवळजवळ धावत आले. वाटलं, जिंकले. थेऊला बसवून सगळं सांगितलं. थेंबही नाही, गोळ्या खाते, आंबा खाते, चोथा तिचा नाहीच. थेऊने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि बराच वेळ रडली. मी तिला रुमाल दिला.

"म्हणजे माझी लोआन सुखरूप आहे."

"ठणठणीत. आता उद्या चल."

ती रुमालाची घडी घालत राहिली. "मग हे कुणाचं आहे, ताई?"

"असेल कुणाचं तरी! तुला काय करायचंय?"

"कुणाचं तरी आहेच ना पण. माझ्या पायाला लागलंय ते. तिचं थांबलं, माझं सुरू झालं. आता मी पाय काढून घेतला तर तिचं पोर सुटेल."

"तिला तू ओळखतसुद्धा नाहीस!"

"लोआनचं म्हणून घेतलं तेव्हा तरी कुठे ओळखत होते?" ती म्हणाली. "आता माझ्या कुणाचं नाही म्हणून टाकून देऊ? तुम्ही शिकलेल्या बायका ना, हिशेब फार लवकर मिटवता."

ती उठली आणि गाडी ढकलत निघून गेली. मी तिच्या पाठीवर ओरडले की मरशील. तिने हात हलवला.

मग मी ठरवलं की टाकणाऱ्यालाच धरायचं. कीनच्या टपरीवर उजाडायच्या सुमाराला जाऊन बसले. ठेंगणं प्लॅस्टिकचं स्टूल, हातात हिरव्या चहाचा पेला, समोर मोकळा तिठा. नजर हलवली नाही. थेऊ दूरच्या टोकाला झाडत होती. नदीवरून धुकं येत होतं आणि त्या धुक्याला, खोटं नाही सांगत, दवण्याच्या पाल्याचा वास होता. कीनने विचारलं, "आजी, शेंगदाणे देऊ?" मी त्याच्याकडे बघून नको म्हटलं. इतकंच. वळले तर चोथा होता.

"कुणी ठेवला?" मी किंचाळलेच.

"काय?" कीन म्हणाला. "तो? तो मघापासूनच आहे की. तुम्ही त्याच्याकडेच तर बघत बसलाय."

मी पुन्हा तिथे बसायला गेले नाही.

पाऊसकाळ चढला तेव्हा लोआनला मुलगी झाली. सुखरूप, सरकारी इस्पितळात. थेऊ पूल ओलांडून गेली, आणि आमच्या रितीप्रमाणे नातीला दृष्ट लागू नये म्हणून "ईऽ, काळं माकड! कुणाचं उचलून आणलं?" असं मोठ्याने म्हणून आली. दुसऱ्या पहाटे ती बूट काढून तिठ्यावर उभी होती. आता तिला गाडीचा आधार घ्यावा लागायचा. डगल्याच्या आत अंग उरलं नव्हतं. लोआनने एकदा विचारलं तर म्हणाली, नातीच्या काळजीने वाळले.

मी काय करू शकत होते? तिला उचलून नेऊ शकत नव्हते. लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या तिने घेतल्या. आणि रोज छत्रीने ढीग उकरून तिला सांगायचे. हे माझ्याकडून तिला हवं होतं. "सातवा असेल," मी सांगायचे. "आता सुपारीची सालं आली. बाळंतपण सोपं जावं म्हणून देतात. नववा." ती मान हलवायची आणि उभी राहायची. आम्हा दोघींना त्या बाईचं नाव माहीत नव्हतं, पण तिची पोटातली लाथ कुठल्या महिन्यात कशी असेल ते आम्ही बोलत होतो.

मग हवा कोरडी झाल्यावर एका सकाळी चोथा नेहमीपेक्षा लहान होता. मी टोक घातलं. एकच पाला. ज्याच्या नावाचा अर्थच आमच्या भाषेत 'आईचं भलं' असा आहे, तो.

"झालं," मी म्हटलं.

"झालं?" थेऊने माझा दंड धरला. "काय झालं?"

"बाळंतीण झाली. हा गर्भाशय स्वच्छ करायला देतात. बाळंतपणानंतर." इथे थांबले असते तर ती त्याच दिवशी माझ्याबरोबर आली असती. पण तिची बोटं माझ्या दंडात रुतली होती आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "किंवा मेलेलं झालं तरी," मी म्हटलं. "तेव्हाही हाच देतात."

तिने दंड सोडला. "मग थांबायला हवं."

पुढचे काही दिवस तोच पाला. ती उभी राहायची, मी शेजारी. तळपायाला ओढ आहे का, असं मी एकदा विचारलं. "कळत नाही," ती म्हणाली. "पायच कळत नाहीत आता."

आणि मग ती सकाळ. काळ्या चोथ्यात काहीतरी पांढरं होतं. मी वाकले, आयुष्यात पहिल्यांदा तो ढीग बोटांनी चाळला. भेंडासारखा हलका, पांढरा गर, उकळून मऊ झालेला. मी तो उजेडात धरला.

"बोला ना, ताई!"

"हे दूध उतरायला देतात."

"नुसतंच देतात?"

"नुसतं कोण देईल? पिणारं असेल तरच."

थेऊ भर रस्त्यात बसली. मागून वाळूचा ट्रक येत होता, त्याने भोंगा वाजवला, आणि थेऊने बसल्या बसल्या त्या ड्रायव्हरला त्याच्या सात पिढ्यांसकट अशी शिवी घातली की पुलावरचे दोन सायकलवाले उतरून बघायला लागले. मग ती मला म्हणाली, "हात द्या. कुठे सही करायची ते दाखवा."

तिठ्यावर तो चोथा पुन्हा आला नाही.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरणीने तपासणी केली, चष्मा वर सारला आणि विचारलं, "इतके महिने काय करत होता तुम्ही?"

"रस्ता झाडत होते," थेऊ म्हणाली.

गाठ होती, आणि होती तिथेच राहिलेली नव्हती. गर्भाशय काढलं, मग हनोईला किरणं दिली. उन्हाळ्यात आली असती तर बरं झालं असतं, असं डॉक्टरीण म्हणाली. ते खरं आहे, आणि मी ते थेऊला सांगितलं. आणखी एक गोष्ट सांगितली, ती सांगायला नको होती असं लोआन म्हणते. आमच्या आणि पलीकडच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना मी विचारून आले होते. त्या महिन्यात दोन्ही काठांवर एकही मूल जन्मलेलं नव्हतं.

"तुमच्या नर्सबाईंच्या काठावरचं असेलच असं कुणी सांगितलं?" थेऊ म्हणाली, आणि कूस बदलली.

त्यानंतर तिने दोन टेट पाहिले. तिसऱ्याच्या आधी गेली.

मधल्या काळातली एक सकाळ सांगते. किरणांनंतर ताकद यावी म्हणून आमच्याच विभागाने तिला काढा लिहून दिला. यंत्राची पाकिटं आली. तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "ताई, चोथा कुठाय?"

"यंत्रात राहतो."

"माझा वेगळा?"

"वेगळा कसा असेल? एका खेपेला कितीतरी जणांचा उकळतात."

तिने मेलेल्या उंदरासारखं ते पाकीट खाली ठेवलं. मग मी सुकी औषधं पुड्यांत बांधून आणली आणि लोआन रोज पूल ओलांडून, काखेत पोरगी घेऊन, आईच्या चुलीवर उकळायला यायला लागली. पण चोथा तिठ्यावर न्यायला थेऊने साफ नकार दिला. लोआनने एकदा लपवून नेला, तर ही आजारी बाई काठी टेकत तिच्यामागे गेली आणि मडक्यासकट परत घेऊन आली. ओला चोथा ती चुलीत घालायची. घरभर धूर. नात खोकायची.

त्या सकाळी मी गेले तर अंगणात दोघी भांडत होत्या. मध्ये मडकं उपडं पडलं होतं आणि चोथा जमिनीवर होता.

"मावशी, तुम्ही सांगा हिला," लोआन रडत म्हणाली. "लोकांचं सगळं घेतलं हिने. आणि हिचं कुणी घ्यायचं नाही?"

"घेणारीच्या पोटात पोर असलं तर?" थेऊ म्हणाली. "तिठ्यावरून कोण जातं ते मी बघितलंय. तू नाही."

माझं डोकं सटकलं. इतकी वर्षं ऐकत आले होते. "अगं, ओली मुळं आहेत ती नुसती! मी पुड्या बांधल्यात. काय आहे त्यात ते मला पाठ आहे!"

"मग तुम्हीच तुडवा ना, ताई," थेऊ म्हणाली. तिच्या डोळ्यांत ते जुनं हसू होतं. "एवढी वर्षं छत्रीच्या टोकानेच बघताय."

मी सपात काढली आणि पाय ठेवला.

गरम होतं. आणि तळपायाला, अगदी मध्ये, कुणीतरी ओठ लावावेत तसं काहीतरी लागलं, आणि ओढलं.

माझ्या तोंडावर काय दिसलं ते मला माहीत नाही. थेऊने ते पाहिलं. तिने मला अशा जोराने ढकललं की मी लोआनच्या अंगावर गेले. काठी फेकून, टाके घातलेलं पोट धरून, ती दोन्ही पायांनी त्या ढिगावर चढली आणि नाचल्यासारखी तुडवायला लागली, एक पाय, दुसरा पाय, दात आवळून. त्याचा पार चिखल होईपर्यंत थांबली नाही.

"घेतलं परत," ती धापा टाकत म्हणाली. मग लेकीवर ओरडली, "बघत काय बसलीस? पाणी आण. दवण्याचा पाला टाक त्यात. ताईंचा पाय धू आधी!"

लोआनने माझा पाय धुतला, पुसला, सपातेत घातला. मी थेऊला म्हटलं, आता तरी उतर तिथून, बस. तिने नकारार्थी मान हलवली आणि मला फाटक दाखवलं.

मी फाटक लावून वळून पाहिलं तरी ती त्यावर उभीच होती.